अग्निबाण खरा, गोष्ट खोटी

जुन्या अमेरिकन विज्ञानमालिकांविषयी अलीकडे आपल्याकडे फार हळवेपणाने बोलले जाते. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ पाहिलेली पिढी आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे, आणि त्या वयात आठवणी जरा जास्तच गोड होतात. या मालिकांतील पुठ्ठ्याचे खडक आणि लुकलुकणारे दिवे यांची सारेच प्रेमळ थट्टा करतात. परंतु त्यांत मधूनच येणाऱ्या खऱ्या अग्निबाणांच्या आणि लढाऊ विमानांच्या दृश्यांविषयी मात्र एक ठरीव समर्थन ऐकू येते. निर्मात्यांजवळ पैसे नव्हते, सरकारजवळ चित्रण पडून होते, ते त्यांनी वापरले. त्यात बिघडले काय? उलट कल्पित कथेला वास्तवाची जोड मिळाली आणि मुलांना विज्ञानाची गोडी लागली. आपल्या अभ्यासवर्गांतही हा युक्तिवाद मी ऐकला आहे. त्यावर दुसऱ्या टोकाचे उत्तरही तेथेच ऐकले: हे सारे साम्राज्यवाद्यांचे प्रचारतंत्र आहे, त्याचा विचार करण्यात वेळ घालवू नये. पहिले मत भाबडे आहे आणि दुसरे आळशी आहे. दोन्ही मते मांडणाऱ्यांनी ती दृश्ये नीट पाहिलेली नाहीत, एवढे त्यांच्यात साम्य आहे.

दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच कारणासाठी घेतलेले आणि गुदामात साठवून ठेवलेले चित्रण हवे तेथे जोडायचे, याला त्या धंद्यात ‘स्टॉक फुटेज’ म्हणतात. त्याचा हिशेब पाहावा. ‘स्टार ट्रेक’च्या एका भागासाठी पहिल्या वर्षी सुमारे १ लाख ९० हजार डॉलरची मर्यादा होती. तेवढ्यात नट, नेपथ्य, संगीत, अवकाशयानाच्या करामती असे सर्व भागवायचे. अशा वेळी कथेत एखादे उड्डाण आले, तर निर्माता नासाच्या किंवा हवाई दलाच्या दारी जाई. अमेरिकन कायद्याप्रमाणे संघ-सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून निर्माण केलेल्या कृतीवर कॉपीराइट नसतो. १९५८ च्या ज्या कायद्याने नासा स्थापन झाली, त्यातच आपल्या कार्याची माहिती शक्य तितकी दूरवर पोचविण्याचे बंधन त्या संस्थेवर घातलेले आहे. तेव्हा चित्रणाची किंमत म्हणजे जवळजवळ प्रत काढण्याचा खर्च. आणि चित्रणात जे दिसे त्याची किंमत? अपोलो योजनेचा एकूण खर्च १९७३ साली अमेरिकन काँग्रेसपुढे ठेवण्यात आला, तो २,५४० कोटी डॉलरचा होता.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी याला संयुक्त उत्पादन म्हणेल. मेंढी पाळली की लोकर आणि मांस दोन्ही मिळतात, तसा अग्निबाण उडवला की उड्डाणही होते आणि त्याचे चित्रणही हाती येते. उड्डाणतळावरचे बरेचसे कॅमेरे मुळात अभियंत्यांसाठी बसवलेले होते. काही बिघडले तर काय व केव्हा बिघडले, हे चौकटी मोजून पाहता यावे म्हणून. जे एकदा करदात्यांच्या पैशाने तयार झाले आणि ज्याची आणखी एक प्रत काढायला जवळपास काहीच लागत नाही, ते सर्वांना फुकट मिळावे हेच न्याय्य आहे. तेव्हा फुकट घेतल्याबद्दल माझी तक्रार नाही. धान्याच्या पोत्यावर निदान गावाचे आणि पेढीचे नाव असते. या चित्रणावरचे नाव मात्र खरवडून काढले जाते. कोणते यान, कोठून, कोणत्या दिवशी, कशासाठी उडाले आणि त्यापायी कोणाचे काय गेले, यातले काहीही प्रेक्षकापर्यंत पोचत नाही. उरतो तो केवळ धूर, ज्वाला आणि दिमाख. माझी तक्रार या खरवडण्याबद्दल आहे.

प्रारंभीच्या काळातील सर्वांत परिचित दृश्य घ्यावे. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा, चार पंखांचा, निमुळत्या नाकाचा अग्निबाण वाळवंटातून वर झेपावतो. १९५० च्या ‘रॉकेटशिप एक्स-एम’ या चित्रपटात तो चंद्राकडे निघालेल्या मानवाचे यान म्हणून वापरला गेला, आणि त्या दशकातील स्वस्त अवकाशपटांत व मालिकांत तो पुनःपुन्हा उडत राहिला. हा अग्निबाण म्हणजे हिटलरचे व्ही-२. जर्मनीच्या पाडावानंतर अमेरिकन सैन्याने नॉर्डहाउझेनच्या भुयारी कारखान्यातून सुमारे शंभर अग्निबाणांचे सुटे भाग उचलून नेले आणि १९४६ पासून न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे ते जोडून उडवले. २४ ऑक्टोबर १९४६ रोजी अशाच एका व्ही-२ वर बसवलेल्या कॅमेऱ्याने सुमारे १०५ किलोमीटर उंचीवरून पृथ्वीची छायाचित्रे घेतली. अवकाशातून घेतलेली ती पहिली छायाचित्रे. विज्ञानाच्या इतिहासात त्यांचे स्थान मोठे आहे, ते मी नाकारीत नाही.

पण ते भाग बनवले कोणी? मिटेलबाउ-डोरा या छळछावणीतील कैद्यांनी. या छावणीतून सुमारे ६० हजार माणसे गेली आणि त्यांतील सुमारे २० हजार मेली. सुरुवातीला कैदी भुयारातच झोपत. महिनोन्‌महिने त्यांना सूर्य दिसत नसे. काम बिघडवल्याच्या संशयावरून कैद्यांना कारखान्यातल्या यारीला टांगून फाशी देत आणि इतरांना त्या प्रेतांखालून कामावर जावे लागे. हे अस्त्र ज्यांच्या डोक्यावर पडले त्यांच्यापेक्षा ते बनवताना मेलेल्यांची संख्या अधिक, असा इतिहासकारांचा हिशेब आहे. शस्त्रांच्या इतिहासात असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. आणि ज्यांच्या डोक्यावर ते पडले त्यांपैकी एक ठिकाण या विषयाच्या संदर्भात विसरता येणार नाही. १६ डिसेंबर १९४४ रोजी अँटवर्प शहरातील रेक्स चित्रपटगृहात भर खेळाच्या वेळी एक व्ही-२ कोसळले. ५६७ माणसे ठार झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक दोस्त राष्ट्रांचे सैनिक होते, बाकीचे नागरिक. चित्रपट पाहत बसलेल्या शेकडो प्रेक्षकांना ज्याने ठार केले, त्याचेच चित्र सहा वर्षांनी चित्रपटगृहात आशेचे आणि साहसाचे चिन्ह म्हणून दाखवले गेले. पडद्यावर पाटी नव्हती, निवेदन नव्हते. छावणीतून वाचलेला एखादा माणूस त्या वेळी प्रेक्षकांत बसला असेल, तर त्याने काय पाहिले असेल याचा विचार ‘त्यात बिघडले काय’ म्हणणाऱ्यांनी करावा.

या विस्मरणाने सोय कोणाची झाली? व्ही-२ चा मुख्य रचनाकार व्हेर्नर फॉन ब्राउन हा एसएस संघटनेचा अधिकारी होता. १९५५ साली तोच वॉल्ट डिस्नेच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात अमेरिकन मुलांना अवकाशप्रवासाची स्वप्ने हसतमुखाने समजावून सांगताना दिसला. भुयारी कारखान्यातील उत्पादनाचा प्रमुख आर्थर रुडॉल्फ हा पुढे चंद्रावर माणसे नेणाऱ्या सॅटर्न-५ अग्निबाणाच्या योजनेचा व्यवस्थापक झाला. त्याची चौकशी व्हायला १९८० चे दशक उजाडावे लागले. १९८४ साली खटला टाळण्यासाठी तो अमेरिका सोडून गेला आणि त्याने नागरिकत्वाचा त्याग केला. व्ही-२ ला त्याच्या नावानिशी पाहण्याची सवय प्रेक्षकांना असती, तर हे प्रश्न तीस वर्षे आधी विचारले गेले असते असे मी ठामपणे म्हणणार नाही. परंतु नाव पुसलेल्या चित्राबद्दल प्रश्न विचारता येत नाही, हे तर उघडच आहे.

विमानांची कथा निराळी आहे. तेथे प्रेतांपेक्षा पैशाचा वास अधिक येतो. ‘स्टार ट्रेक’चा ‘टुमॉरो इज यस्टरडे’ हा भाग २६ जानेवारी १९६७ रोजी प्रक्षेपित झाला. भविष्यातील अवकाशयान अपघाताने विसाव्या शतकात येते आणि त्याचा वेध घेण्यासाठी अमेरिकन हवाई दलाचे एक विमान वर झेपावते. ते विमान खरे आहे: लॉकहीड कंपनीचे एफ-१०४ स्टारफायटर. कथेत ते जुन्या काळातील एक नाजूक खेळणे आहे; यानाच्या आकर्षण-किरणात सापडून चुरा होते, आणि प्रेक्षकाला त्याची थोडी कीवच येते. प्रत्यक्षात हे खेळणे लॉकहीडने जगभर खपवले. पश्चिम जर्मनीने अशी ९१६ विमाने घेतली. त्यांतील २९२ नष्ट झाली आणि ११६ वैमानिक मृत्युमुखी पडले. जर्मन लोक त्याला ‘विधवा करणारे’ म्हणत. ही मालिका चालू असताना तिकडे अंत्ययात्रा निघत होत्या. परदेशांत विमाने खपवण्यासाठी लॉकहीडने वाटलेल्या लाचा अमेरिकन सिनेटच्या चौकशीत उघड झाल्या, तेव्हा १९७६ साली नेदरलँड्सचे राजपुत्र बर्नहार्ड यांना आपली लष्करी पदे सोडावी लागली. आपल्या वाचकांना या विमानाची आणखी एक ओळख आहे. अमेरिकेने तीच विमाने १९६१ पासून पाकिस्तानला पुरवली, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ती आपल्यावर आली, आणि १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर भारतीय मिग-२१ ने त्यांपैकी एक पाडले. दूरदर्शनवर तो भाग आपण पाहिला असेल, तर ‘अरे, हे तेच’ असे म्हणणारा किती जणांना भेटला होता?

आता ज्या उदाहरणाने मी खरोखर अस्वस्थ होतो त्याकडे वळतो. १९७४ ते १९७८ या काळात अमेरिकेत ‘द सिक्स मिलियन डॉलर मॅन’ ही मालिका गाजली. तिच्या प्रत्येक भागाच्या शीर्षकदृश्यांत एक पंखहीन, बसकट यान मोठ्या विमानापासून सुटते, डगमगते आणि जमिनीवर आपटून गडगडत जाते. त्यानंतर कथा सुरू होते: जखमी अवकाशवीराला सरकार ६० लाख डॉलर खर्चून यांत्रिक हात, पाय आणि डोळा बसवते आणि गुप्तहेर म्हणून कामाला लावते. तो अपघात खरा होता. १० मे १९६७ रोजी कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळावर एम२-एफ२ या प्रायोगिक यानातून ब्रूस पीटरसन हा नासाचा वैमानिक उतरत होता. यान दोन्ही बाजूंना झोके खाऊ लागले, तो ठरलेल्या धावपट्टीच्या मार्गावरून ढळला, समोरच्या हेलिकॉप्टरकडे लक्ष गेले, आणि चाके पुरती बाहेर येऊन पक्की होण्याआधीच यान ताशी सुमारे ४०० किलोमीटर वेगाने जमिनीला टेकले. ते सहा वेळा उलटले. पीटरसन वाचला, परंतु नंतर रुग्णालयात झालेल्या जंतुसंसर्गाने त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली.

पडद्यावरच्या वीराला दूरचे जवळ आणणारा नवा डोळा मिळाला. ज्याच्या अपघाताच्या चित्रणावर तो वीर उभा राहिला, त्या माणसाला एका डोळ्याने उरलेले आयुष्य काढावे लागले. पुढेही तो नासात अभियंता म्हणून काम करीत राहिला, आणि २००६ साली वारला. त्याच्या आयुष्यातला सर्वांत भयंकर क्षण चार वर्षे घरोघरी जेवणाच्या वेळी दाखवला जात होता, जाहिरातींच्या आधी. बरे, ते चित्रण तरी अखंड आहे काय? तेही नाही. शीर्षकदृश्यांतील काही तुकडे एचएल-१० या दुसऱ्याच यानाचे आहेत. एकाला दोन उभे पंख, दुसऱ्याला तीन, हे सावध डोळ्याला दिसते. म्हणजे सुटताना एक यान आणि आपटताना दुसरे. जोडणाऱ्याच्या लेखी दोन्ही सारखीच, कारण दोन्ही बेवारस. कामगाराच्या अपघाताची अशी गत कारखान्यात झाली असती तर आपण मोर्चा काढला असता. वैमानिकही कामगारच असतो. फक्त त्याचा कारखाना हवेत असतो.

येथे विरोधी बाजूचा सर्वांत सबळ पुरावा मीच मांडतो, कारण तो मला आवडतो. ‘स्टार ट्रेक’चा ‘असाइनमेंट: अर्थ’ हा भाग २९ मार्च १९६८ रोजी प्रक्षेपित झाला. त्यात अमेरिका अण्वस्त्र वाहून नेणारा एक तळ पृथ्वीच्या कक्षेत सोडणार असते, आणि एक परका पाहुणा ती योजना उधळून जगाला धडा शिकवतो. उड्डाणासाठी सज्ज होणारा अण्वस्त्रवाहू अग्निबाण म्हणून जो दिसतो तो सॅटर्न-५ आहे. तोपर्यंत सॅटर्न-५ एकदाच उडाला होता, ९ नोव्हेंबर १९६७ रोजी, अपोलो-४ या निर्मनुष्य उड्डाणात. तेव्हा कथेतले उड्डाण त्याचेच. अवकाशात अण्वस्त्रे ठेवण्यास बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार त्याच्या एकच महिना आधी, १० ऑक्टोबर १९६७ रोजी, अमलात आला होता. नासा जगाला सांगत होती की हा शांततेचा अग्निबाण आहे. मालिकेने त्याच चित्रणावरून सांगितले की, हाच अग्निबाण उद्या नरसंहाराचे साधन होऊ शकतो. फुकट मिळालेल्या सरकारी चित्रणाने सरकारलाच प्रश्न विचारला. हे घडू शकले, कारण चित्रण मुक्त होते. म्हणून सरसकट प्रचार म्हणून झिडकारणाऱ्या मित्रांना माझे सांगणे आहे की, हा भाग एकदा पाहावा. सार्वजनिक साठा खुला असला की त्यातून राज्यकर्त्यांना नको असलेला अर्थही काढता येतो. साठा बंद करणे हा यावरचा उपाय नव्हे.

बंद साठ्याचे फळ काय असते ते सोव्हिएत युनियनने दाखवले. २४ ऑक्टोबर १९६० रोजी बैकोनूर येथे आर-१६ हे क्षेपणास्त्र इंधन भरलेल्या अवस्थेत तळावरच पेटले. उड्डाण टिपण्यासाठी लावलेले कॅमेरे आपोआप चालू झाले आणि त्यांनी जळत पळणारी माणसे टिपली. पाऊणशेहून अधिक माणसे मेली. त्यांत मार्शल नेडेलिन होते. ते विमान अपघातात वारले असे जाहीर करण्यात आले. खरी हकीकत १९८९ साली सोव्हिएत नियतकालिकात छापली गेली, तोवर चित्रण तिजोरीत होते. एका महासत्तेने आपले चित्रण नाव पुसून वाटले, दुसरीने ते नावासकट पुरले. आमच्या काही जुन्या कम्युनिस्ट मित्रांना यांतील एकच बाजू आठवते, म्हणून हे लिहिले.

आपल्याकडे तिसराच प्रकार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सरकारी कृतीचा हक्क सरकारकडे राहतो आणि प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. करदात्याने पैसे द्यायचे आणि त्याच करदात्याने आपल्याच अग्निबाणाच्या चित्रणासाठी परवानगी मागायची. जे लोकांच्या पैशाने झाले ते लोकांसाठी खुले असावे ही अमेरिकन कायद्यातील तरतूद आपण खुशाल उचलावी. त्यासाठी कोणाच्या गोटात शिरावे लागत नाही. तिच्या जोडीला एक अट मात्र घालावी: जो वापरील त्याने कार्यक्रमाच्या शेवटी त्या चित्रणाचे स्थळ, दिनांक आणि मूळ प्रयोजन लिहावे. पुस्तकात दुसऱ्याचे वाक्य घेतले तर आपण तळटीप देतो. दूरचित्रवाणीवरचे अख्खे विमान तळटिपेवाचून का उडावे?

हे सारे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे, असे कोणी म्हणेल. सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानातील पंजशीर खोऱ्यावर पाकिस्तानी विमाने हल्ला करीत असल्याचे ‘थेट दृश्य’ म्हणून काही भारतीय वाहिन्यांनी जे दाखवले, ते ‘आर्मा-३’ या संगणकीय खेळातील होते. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत तशीच दृश्ये लाखो भ्रमणध्वनींवर फिरली. पूर्वी खरे विमान खोट्या गोष्टीत घातले जात असे. आता खोटे विमान खऱ्या बातमीत घातले जाते. दोन्हींना तोच प्रेक्षक लागतो: विमान दिसले की कोठले, कधीचे, कोणी टिपले हे न विचारणारा. असा प्रेक्षक एका दिवसात तयार होत नाही. युद्धज्वराच्या रात्री तो किती महाग पडतो, हे मे महिन्यात गावोगावच्या आपल्या कार्यकर्त्यांनी अनुभवले आहे.

ज्या तालुक्यांत आपली वाचनालये आणि चित्रपटमंडळे अजून चालू आहेत, त्यांनी एक करून पाहावे. ‘असाइनमेंट: अर्थ’ मुलांना दाखवावा, कथा अजूनही रंजक आहे. अग्निबाण पेट घेतो तेथे चित्र थांबवावे आणि सांगावे की, हा अपोलो-४, उड्डाण ९ नोव्हेंबर १९६७, स्थळ फ्लॉरिडा, आत माणूस नव्हता, उंची सुमारे ११० मीटर, आणि अपोलो योजनेवर राबणारी माणसे सुमारे चार लाख. त्यांतला व्यवस्थापक कोण आणि तो कोठून आला होता, हेही सांगावे. मग पुढचा भाग चालू करावा. याला पाच मिनिटे लागतात.